दारू सोडल्यानंतरचा तिसरा दिवस

पाय मोडला म्हणून चाळिशीतला माणूस इस्पितळात दाखल होतो. 'दारू घेतात का?' असं डॉक्टर विचारतात. बायको खाली मान घालून म्हणते, 'कधीमधी.' ऑपरेशन नीट पार पडतं. दुसऱ्या रात्री त्याचे हात थरथरू लागतात, अंग घामाने भिजतं. तिसऱ्या दिवशी तो चादरीवरचे नसलेले किडे वेचू लागतो, सलाईनची नळी उपटतो, बायकोलाही ओळखत नाही. हाडांच्या वॉर्डातल्या नर्सना हे नवं नसतं. गावी घडलं, तर 'बाहेरचं झालंय' म्हणून देवऋषी गाठला जातो.

मेंदूत पेशींना आवरणारं एक रसायन असतं, गाबा. आणि चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते, ग्लुटामेटला दाबते, म्हणून पिणारा सैलावतो. रोज भरपूर प्यायलं, की मेंदू उलट बाजूने ओढू लागतो: गाबाला दाद देईनासा होतो, ग्लुटामेटला जास्त दाद देतो. ही रस्सीखेच वर्षानुवर्षं चालते. मग एके दिवशी दारू थांबते, म्हणजे समोरच्याने दोर सोडून दिलेला असतो.

सहा-आठ तासांत थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण ४८ ते ९६ तासांदरम्यान काहींना भ्रम, ताप आणि नाडीची धावपळ सुरू होते. थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरने १८१३ मध्ये या अवस्थेला 'डेलिरियम ट्रेमेन्स' हे नाव दिलं. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावू शकतो. वेळेवर योग्य औषधं मिळाली, तर बहुतेक जण वाचतात.

मार्च २०२०च्या टाळेबंदीत दारूची दुकानं एकाएकी बंद झाली, तेव्हा केरळात दारू न मिळाल्याने काहींनी आत्महत्या केल्या. सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तो विरोध मला रास्त वाटतो, कारण या अवस्थेवर औषधं आहेत.

आणखी एक गोष्ट घराघरांत कळायला हवी. सतत पिणाऱ्याचं जेवण तुटतं, आणि पोटात गेलेलं ब-१ जीवनसत्त्वही दारूमुळे नीट शोषलं जात नाही. साखर जाळायला मेंदूला तेच लागतं. 'अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा' असं म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं, तर उरलंसुरलं ब-१ही संपू शकतं. मग तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, गोंधळ उडतो. वेर्निके या जर्मन डॉक्टरने १८८१ मध्ये हा आजार नोंदवला. वेळ गेली तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. बाप मुलाचं नाव विसरतो आणि मधल्या रिकाम्या जागा खोट्या आठवणींनी भरतो. म्हणून अशा रुग्णाला ब-१ची इंजेक्शनं आधी किंवा ग्लुकोजसोबतच द्यायची असतात.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. व्यसनात अडकलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलीतरी मदत मिळाल्याचं त्यात आढळलं. लाज हे मला यामागचं मोठं कारण वाटतं. व्यसन नवऱ्याचं, पण ते झाकण्याचं काम बायकोच्या गळ्यात.

पंढरपूरची माळ घालून दारू सोडणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. रोज पिणाऱ्याने माळ घालण्याआधी डॉक्टरांना भेटावं, एवढंच. शेवटचा प्याला कधी घेतला, रोज किती जाते, आधी कधी फिट आली होती का, हे डॉक्टर विचारतील. याची खरी उत्तरं बहुतेकदा त्या खाली मान घातलेल्या बाईलाच ठाऊक असतात.