सार्वजनिक संगणकावर लॉगइन: तिजोरी फोनमध्येच राहू द्या

ग्रंथालयातल्या, हॉटेलच्या लॉबीतल्या किंवा सायबर कॅफेतल्या संगणकावरून लॉगइन करायची वेळ आली, की पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत ठेवणारे ॲप, वापरणारा अडतो. मॅनेजरने बनवलेला २० अक्षरी पासवर्ड कुणालाच पाठ नसतो. मग सहज सुचणारा मार्ग म्हणजे त्याच संगणकावर मॅनेजरची वेबसाइट उघडायची, तिजोरी उघडणारा मास्टर पासवर्ड टाकायचा आणि हवा तो पासवर्ड कॉपी करायचा. नेमके हेच टाळायचे आहे.

का, ते कळण्यासाठी तिजोरी उघडते कशी ते पाहू. चांगल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये मास्टर पासवर्ड जसाच्या तसा सर्व्हरकडे जात नाही. आधी त्याच्यावर पीबीकेडीएफ२ किंवा आर्गॉन२ यांसारखी मुद्दाम वेळखाऊ केलेली गणिती प्रक्रिया होते. पीबीकेडीएफ२ ही एसएचए-२५६ सोबत वापरायची असेल तर ६ लाख फेऱ्या असाव्यात, अशी ओवास्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस आहे. त्यातून निघालेल्या किल्लीने तिजोरी उलगडते. सर्व्हर फुटला तरी चोराच्या हाती फक्त एन्क्रिप्ट केलेला मजकूर लागतो, तो यामुळेच. पण हे उलगडणे सर्व्हरवर होत नाही, तुमच्या समोरच्या संगणकात होते. त्या क्षणी सगळे पासवर्ड त्याच्या मेमरीत उघडे असतात आणि तो संगणक दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यातला असतो.

तिथे काय बसवलेले असू शकते? कीलॉगर, म्हणजे दाबलेल्या कळा गुपचूप नोंदवणारे साधन. सर्वात साधा कीलॉगर म्हणजे कीबोर्डची वायर आणि यूएसबी पोर्ट यांच्यामध्ये खोचलेला बोटाच्या पेराएवढा तुकडा. तो बहुधा संगणकाच्या मागच्या बाजूला असतो आणि कोणत्याही अँटिव्हायरसला दिसत नाही. सॉफ्टवेअरचा कीलॉगर त्याहून पुढे जातो. तो पडद्याची चित्रे घेतो, क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेला मजकूर, वाचतो, फॉर्ममध्ये भरलेला मजकूर एन्क्रिप्ट होऊन बाहेर पडण्याआधीच उचलतो. त्यामुळे पत्त्यापुढचे कुलपाचे चिन्ह इथे कामाचे नाही, कारण ते फक्त वाटेवरची सुरक्षा सांगते. इनकॉग्निटो खिडकी इतिहास पुसते, पण कीलॉगरला अडवत नाही. पडद्यावरचा कीबोर्ड माउसने वापरला तरी विंडोज त्या क्लिकचे रूपांतर नेहमीच्या कळदाबांतच करते आणि ते पकडले जातात.

मधे मधे दुसरीकडे क्लिक करून फालतू अक्षरे टाइप करायची, म्हणजे कीलॉगरच्या नोंदीत गोंधळ होईल, अशी युक्ती मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या कॉर्मॅक हर्ली आणि डिनेई फ्लोरेन्सिओ यांनी २००६ मध्ये मांडली होती. फक्त कळा नोंदवणाऱ्या कीलॉगरपुढे ती चालते. फॉर्मच वाचणाऱ्या सॉफ्टवेअरपुढे चालत नाही.

पासवर्डनंतर वेगळा कोड मागणाऱ्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनवर मात्र अनेकांचा अवाजवी भरवसा असतो. मॅनेजरच्या खात्याला ते लावलेले असावेच. मास्टर पासवर्ड चोरीला गेला तरी दुसऱ्या ठिकाणाहून लॉगइन करताना चोर अडतो. पण तुम्ही स्वतः कोड टाकून तिजोरी उघडलीत की ती त्या संगणकावर उघडलीच. बिटवॉर्डनसारख्या सेवांत फोनवरून मंजुरी देऊन लॉगइन करता येते, मास्टर पासवर्ड टाइपही करावा लागत नाही. तिथेही शेवट तोच होतो.

म्हणून नियम एकच: सार्वजनिक संगणकावर जास्तीत जास्त एक पासवर्ड जावा, आणि जमले तर एकही जाऊ नये.

एकही न जाऊ देण्याचा उत्तम मार्ग म्हणजे पासकी: पासवर्डऐवजी फोनमधल्या गुप्त किल्लीने लॉगइन करण्याची सोय. ज्या खात्यावर ती आहे तिथे लॉगइन करताना दुसऱ्या उपकरणाचा पर्याय निवडा. पडद्यावर क्यूआर कोड येतो, तो फोनने स्कॅन करायचा आणि बोटाचा ठसा द्यायचा. गुप्त किल्ली फोनमध्येच राहते. संगणकाला मिळते ती त्या एका वेळेपुरती सही. फोन खरोखर जवळ आहे हे ब्लूटूथवरून तपासले जाते, त्यामुळे दोन्हीकडे ब्लूटूथ सुरू आणि दोन्हीकडे इंटरनेट हवे. बऱ्याच जुन्या डेस्कटॉपना ब्लूटूथच नसते आणि गाडी इथेच अडते. या संगणकासाठी नवी पासकी बनवायची का, असे विचारले तर नकार द्या.

पासकी नसेल तर तिजोरी फोनवर उघडा आणि हवा तो एकच पासवर्ड बघून हाताने टाइप करा. यात चुका होतात त्या ठरावीक. शून्य आणि ओ, लहान एल आणि मोठा आय यांची गल्लत होते. शिवाय कीबोर्डची मांडणी वेगळी असू शकते: ब्रिटिश मांडणीत ॲट चिन्ह आणि दुहेरी अवतरण चिन्ह अमेरिकी मांडणीच्या उलट जागी असतात. पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके दिसतात, म्हणून चिन्हे आधी युजरनेमच्या चौकटीत दाबून पाहा आणि पुसून टाका. बघावी ती फक्त चिन्हे. अख्खा पासवर्ड तिथे लिहू नका. जे खाते अशा ठिकाणी उघडावे लागेल असे आधीच माहीत आहे, त्याला शब्दांचा पासवर्ड द्या. ७,७७६ शब्दांच्या डाइसवेअर यादीतून यदृच्छेने निवडलेला प्रत्येक शब्द सुमारे १२.९ बिट देतो (बिट जितके जास्त, तितका पासवर्ड ओळखणे अवघड), म्हणजे ५ शब्दांत ६४ बिटांहून जास्त. टाइप करायलाही ते कितीतरी सोपे.

पासवर्डसोबत जाणारा ६ अंकी कोड साधारण ३० सेकंदांत बदलतो, त्यामुळे नंतर कुणी नोंद वाचली तरी तो शिळा झालेला असतो. पासवर्ड जतन करायचा का या प्रश्नाला नाही म्हणा. क्लिपबोर्ड वापरूच नका; विंडोजवर इतिहास सुरू असेल तर विंडोज आणि व्ही या कळा दाबल्यावर शेवटच्या २५ नोंदी कुणालाही दिसतात. ब्राउझरमध्ये आधीच्या कुणाचे खाते उघडे असेल तर गेस्ट खिडकी घ्या.

काम संपल्यावर टॅब बंद करणे पुरेसे नाही. लॉगइननंतर साइट ब्राउझरला एक सेशन कुकी, म्हणजे तुम्ही आत आलेले आहात याची खूण, देते. ती चोरणाऱ्याला पासवर्डही लागत नाही आणि कोडही लागत नाही. कुकी पुसली तर तुमची प्रत जाते, चोराची राहते. लॉगआउट दाबल्यावर मात्र चांगली साइट ते सेशन सर्व्हरवरच रद्द करते. तेवढ्यावर न थांबता लगेच फोनवरून खात्याच्या उपकरणांच्या यादीत जा, तो संगणक काढून टाका आणि तो एक पासवर्ड बदला. बदलण्याचे काम फोनवरच करायचे.

पेन ड्राइव्हवर कीपास हा पासवर्ड मॅनेजर घेऊन फिरणाऱ्यांना हा मार्ग सुरक्षित वाटतो, पण तिथे धोका उलट वाढतो. फाइल आणि मास्टर पासवर्ड दोन्ही एकाच यंत्राच्या हाती पडतात, आणि फाइलची प्रत व्हायला क्षणही लागत नाही. भरीस २०२३ मध्ये कीपास २ मध्ये एक दोष सापडला: मेमरीच्या प्रतीतून मास्टर पासवर्ड जवळजवळ पूर्ण वाचता येत होता. २.५४ आवृत्तीत तो दुरुस्त झाला. पेन ड्राइव्हवर जुनीच आवृत्ती पडून असेल तर तो अजून तिथेच आहे.

फोन हरवला आहे आणि तिजोरी उघडण्यावाचून गत्यंतर नाही, असेही होऊ शकते. त्यासाठी मुख्य ईमेलचे रिकव्हरी कोड, म्हणजे फोन नसतानाही आत जाऊ देणारे कोड, कागदावर लिहून फोनपासून वेगळे ठेवा, म्हणजे बहुतेक वेळा तिजोरीपर्यंत जावेच लागत नाही. उघडलीच, तर विश्वासाचे उपकरण हाती येताच आधी मास्टर पासवर्ड बदला आणि सगळी सेशन रद्द करा. पण चोराने तिजोरीची जी प्रत आधीच नेली, ती जुन्या पासवर्डनेच उघडत राहते. म्हणून आतले पासवर्डही एकेक करून बदलावे लागतात: आधी ईमेल, कारण बाकी खात्यांचे रीसेट तिथेच येतात, मग बँक, मग उरलेले. सहा अंकी कोड बनवणारी गुपिते त्याच तिजोरीत असतील, तर प्रत्येक खात्यात टू-स्टेप बंद करून नव्या क्यूआर कोडने पुन्हा सुरू करा.