बुलबार

जीप, एसयूव्ही, पिकअप अशा गाड्यांच्या पुढच्या बंपरवर बसवलेली स्टीलच्या नळ्यांची चौकट म्हणजे बुलबार. आपल्याकडे ॲक्सेसरीजच्या दुकानात तो 'बंपर गार्ड' किंवा नुसता 'गार्ड' म्हणून मागितला जातो. ऑस्ट्रेलियात त्याला 'रू बार' असेही म्हणतात. तिथल्या निर्जन भागात रात्री कांगारू धडकून रेडिएटर फुटला, तर मदत मिळणे कठीण. म्हणून तिथे त्याला अर्थ आहे. पुण्या-मुंबईच्या रहदारीत गार्डसमोर येतो तो पायी चालणारा.

साध्या कारची धडक प्रौढ माणसाला बसते तेव्हा बंपर गुडघ्याच्या आसपास लागतो, मांडी बॉनेटच्या कडेवर आपटते आणि डोके बॉनेटवर किंवा काचेवर जाते. हे गृहीत धरूनच अलीकडच्या गाड्यांत बंपरच्या प्लास्टिकमागे फोम भरतात, बॉनेटचा पत्रा आणि इंजिन यांच्यात पोकळी सोडतात. पत्रा जितका चेपतो, तितका मार कमी. भारतातील एआयएस-१०० या मानकाच्या चाचणीत डोके व पाय यांच्या प्रतिकृती गाडीच्या दर्शनी भागावर आदळून नेमके हेच तपासतात.

गार्ड ही सगळी मेहनत फुकट घालवतो. चासीला बोल्ट केलेली नळी चेपत नाही आणि धडकेचा सगळा जोर तिच्या अरुंद पृष्ठभागातून शरीरावर येतो. उंच गाडीवर ती प्रौढाच्या कमरेशी असते, लहान मुलाच्या छातीशी किंवा डोक्याशी. आतल्यांचेही भले होतेच असे नाही: धक्क्याचा मार्ग बदलल्याने एअरबॅग वेळेवर न उघडण्याचा धोका असतो. वाचतो तो बहुधा हेडलाइटचा आणि रंगकामाचा खर्च.

चालकाच्या वागण्याचा प्रश्न वेगळाच. सुरक्षित वाटू लागले की माणूस जास्त धोका पत्करतो, असा सिद्धान्त अमेरिकी अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये मांडला. त्यावर वाद आहेत. पण गार्ड लावलेली गाडी गर्दीत ज्या रुबाबात नाक खुपसते, ते पाहून त्यांची आठवण होते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा भंग ठरवले, म्हणजे वाहनात केलेला बेकायदा बदल. युरोपीय संघाने २००५ च्या निर्देशाने नव्या गाड्यांवरील बारना पादचारी-सुरक्षेच्या चाचण्या लागू केल्या. ताठ स्टीलचा बार त्यांत टिकणे अवघड. ऑस्ट्रेलियात पॉलिथिलीनचे, दबणारे बारही मिळतात.