‘गोवा बोर्डाची मुलं दिल्लीत मागे पडतात’ म्हणे!

फोंड्याच्या बाजारात भाजी घेतानाही हे ऐकू येतं: आपलं बोर्ड गुण द्यायला चिकट, म्हणून दिल्ली विद्यापीठ हवं तर दहावीनंतरच सीबीएसई गाठा. एके काळी, कटऑफ नव्व्याण्णवच्या पुढे जायचे तेव्हा, यात थोडं तथ्य होतं. २०२२ पासून मात्र तिथला नियमित बीए, बीकॉमचा प्रवेश सीयूईटी या देशभरच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. बारावीचे टक्के पात्रतेपुरते. दोघांचे गुण सारखे आले तरच ते पुन्हा पाहतात. म्हणजे बोर्ड बदलण्याचा खटाटोप वायाच.

खरी गोची फॉर्म भरताना होते. बारावीला जे विषय घेतलेत, त्यांचीच परीक्षा द्यावी लागते. तेव्हा आईबाबांनी हायर सेकंडरीत विषय निवडतानाच मुलीशेजारी बसून हव्या त्या कोर्सची अट वाचावी. परीक्षा तेरा भाषांत होते. त्यांत मराठी आहे, कोकणी नाही.

आणि फॉर्मवर मोबाइल नंबर सायबर कॅफेवाल्याचा देऊ नका, घरचाच द्या. ओटीपी त्याच्याकडे आणि तो चतुर्थीला गावी, मग बसा बोंबलत.