नोबिता कोमात नव्हता

ठाणे, कळवा, ऐरोलीच्या पालकांच्या ग्रुपवर दरवर्षी फिरणारी चार-पाच चित्रं: हॉस्पिटलच्या खाटेवर ‘डोरेमॉन’ या जपानी कार्टूनमधला नोबिता, खाली ओळ, ‘नोबिता कोमात होता, डोरेमॉन त्याचं स्वप्न होतं, हा खरा शेवट.’ हे साफ खोटं आहे. मूळ चित्रकार हिरोशी फुजिमोतो १९९६ मध्ये वारले आणि मालिकेचा पक्का शेवट त्यांनी केलाच नव्हता. १९७४ मध्ये डोरेमॉनला निरोप देणारी गोष्ट आली खरी, पण पुढच्याच महिन्यात तो परतला.

कोमाची अफवा जपानमध्ये इंटरनेटच्या आधीपासून तोंडोतोंडी होती. २००५ मध्ये एका चाहत्याने डोरेमॉनची बॅटरी संपण्याचा वेगळाच शेवट स्वतः कॉमिकमध्ये काढून विकला. रेखाटन इतकं हुबेहूब, की लोकांनी ते अस्सल मानलं. प्रकाशक शोगाकुकानने हरकत घेतल्यावर २००७ मध्ये त्याने माफी मागून कमाईतला वाटा दिला.

अशी कॉमिक काढणाऱ्या चाहत्याचं नाव बहुधा मुखपृष्ठावर किंवा शेवटच्या पानावर असतं. फॉरवर्ड होताना नेमकी तीच पानं गळतात, उरतो सगळ्यात भेदक चौकोन. लाडक्या, गोल चेहऱ्यावर सलाइनची नळी दिसली की बोट आपसूक फॉरवर्डवर जातं. खरं तर ते चित्र नव्हे, आपलं बालपणच दुखावतं.

तपासायचं असेल तर खालची मराठी किंवा इंग्रजी ओळ क्रॉप करा आणि उरलेलं चित्र गूगल लेन्सवर टाका. ओळ ठेवली तर तीच अफवा परत समोर येऊ शकते. मुलाने विचारलं तर सरळ सांगा, हे दुसऱ्या कुणीतरी काढलंय.