पंडिता रमाबाईंचं पाचारण: केडगावच्या मुक्तीची पार्श्वभूमी

आपल्या ख्रिस्ती मंडळीत कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं की ‘देवाने मला या सेवेसाठी पाचारण केलं’ हे वाक्य हमखास येतं. ऐकणाऱ्याच्या मनात मग एक रात्र, एक प्रार्थना आणि एक स्पष्ट वाणी असं चित्र उभं राहतं. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत असं एका रात्रीत काही झालं नाही. त्यांच्या पाचारणाचं मूळ ख्रिस्ताचं नाव ऐकण्याच्या कितीतरी आधी त्यांनी सोसलेल्या भुकेत आहे. केडगावचं मुक्ती मिशन, म्हणजे रमाबाईंनी निराधार मुली-बायकांसाठी उभारलेला आश्रम, समजून घ्यायचा तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे पंडित होते. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवणारा माणूस त्या काळात विरळाच. रमाबाईंचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. पुढे हे कुटुंब तीर्थामागून तीर्थं फिरत, पुराणं सांगत जगलं. मग १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि पुराण ऐकायलाही कुणी उरलं नाही. पोटापाण्याचं दुसरं कुठलंच काम घरात कुणाला शिकवलेलं नव्हतं. मोलमजुरी करायची लाज आणि भीक मागायची त्याहून मोठी लाज. शेवटी रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरावर काढले. वडील गेले. आई तापाने अंथरुणाला खिळली. तिच्यासाठी सोळा-सतरा वर्षांची रमा शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारात बाजरीची भाकरी मागायला गेली. तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईने भाकरी आनंदाने दिली, पण आईला ती खाता आली नाही. आईही गेली, पाठोपाठ थोरली बहीण गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास.

ही भाकरी मी मुद्दाम लिहिली. पुढे मुक्तीत प्रत्येक मुलीला विणकाम, शेती, दूधदुभतं, शिवण, छपाई असं काहीतरी हातचं काम शिकवल्याशिवाय रमाबाई का राहिल्या नाहीत, ते या एका प्रसंगातून कळतं.

मधली वर्षं बऱ्याच जणांना माहीत आहेत. १८७८ मध्ये कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावींशी लग्न, मनोरमेचा जन्म आणि १८८२ मध्ये वैधव्य. मग पुण्यात आर्य महिला समाज. १८८३ मध्ये इंग्लंड आणि तिथेच वाँटेजला मनोरमेसह बाप्तिस्मा. पुढे अमेरिकेत व्याख्यानं देऊन त्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं खर्च देण्याचं कबूल केलं आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं.

शारदा सदन उच्चवर्णीय बालविधवांसाठी होतं. रमाबाईंची योजना तशीच होती आणि देणगीदारांनी पैसा दिला तोही त्याच कामासाठी. धर्मांतरासाठी सक्ती नव्हती, पण रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा दार उघडं असे आणि मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून पुण्यात मोठं वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. दार बंद केलं असतं तर निभावलं असतं. त्यांनी ते बंद केलं नाही.

त्याच्या दोनेक वर्षं आधी त्यांच्या आत एक बदल घडला होता. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सापडला नव्हता, अशी कबुली त्यांनी स्वतःच दिली आहे. याच काळात त्यांनी ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर, चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर आणि न्यू हेब्रिडीज बेटांवरचे मिशनरी जॉन पेटन यांच्याविषयी वाचलं. म्युलर कुणापुढेही हात न पसरता केवळ प्रार्थनेवर हजारो अनाथ मुलांना सांभाळत. हे तिकडे होतं, मग हिंदुस्थानात का होऊ नये, हा प्रश्न रमाबाईंना सोडेना.

१८९५-९६ च्या सुमारास लोणावळ्याच्या शिबिरात एका सकाळी त्यांनी प्रार्थना केली. सदनातल्या पंधरा मुली ख्रिस्ताच्या विश्वासात आल्या होत्या. या पंधराचा वर्ग कर, म्हणजे दोनशे पंचवीस दे, असं त्यांनी मागितलं. तेव्हा शाळेत पन्नासही मुली नव्हत्या. आपण हे काय मागून बसलो, असं त्यांचं त्यांनाच वाटलं. मग बायबलमधल्या यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायातलं वचन समोर आलं: मला अशक्य असं काही आहे काय, असा परमेश्वराचा प्रश्न. मागणं केलं होतं, उत्तर कोणत्या वाटेने येईल याची कल्पना नव्हती.

ते आलं १८९६-९७ च्या दुष्काळातून. मध्य प्रांतातल्या उपासमारीच्या बातम्या पुण्यात येऊ लागल्या. रमाबाईंच्या हाती पैसा नव्हता. पुण्यात राहून त्या लोकांसाठी प्रार्थना करावी, एवढंच आपल्याला शक्य आहे असं त्यांनी आधी ठरवलं होतं. मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो, कारण आपल्यापैकी बहुतेक जण इथेच थांबतो. त्यांना थांबू दिलं नाही ते आठवणीने. मिसर देशात तू दास होतास याची आठवण ठेव, हे बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं वचन मनात घुमू लागलं आणि वीस वर्षांपूर्वीची ती उपाशी मुलगी डोळ्यांपुढे आली. त्या निघाल्या. दुष्काळी छावण्यांत हाडांचे सापळे झालेल्या मुली होत्या आणि त्यांना फूस लावून नेणारे दलालही फिरत होते. किती जणींना आणायचं? तीनशे, असं त्यांच्या मनाने घेतलं. पैसे येण्याची वाट न बघता त्या मुली आणू लागल्या.

पुण्यात तेव्हा प्लेग होता. नव्या मुली शहरात ठेवायला सरकारने मनाई केली. पण पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी आधीच सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. बॉस्टनची दहा वर्षं संपली की फळबागेच्या उत्पन्नावर शारदा सदन चालावं, हा हेतू होता. फळं धरायच्या आधीच त्या माळावर मुली उतरल्या. तंबू आणि छपरं उभी राहिली. तेच मुक्ती.

इथे रमाबाईंच्या आज्ञापालनाची खरी किंमत दिसते. आलेल्या मुली बहुतेक शेतकरी, मजूर, खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींच्या होत्या. ज्या कामासाठी त्या जगभर हिंडल्या, त्या कामाचा आराखडाच त्यांना बाजूला सारावा लागला. पाचारण म्हणजे आपल्या योजनेवर देवाची सही, असं मानणाऱ्याला हे जमत नाही. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर मुक्तीची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन झालं, अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवू लागल्या.

उतारवयात रमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतलं. उपलब्ध मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा मुक्तीतल्या खेडवळ बायकांच्या डोक्यावरून जाई. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत संपूर्ण बायबलचं भाषांतर करायला बसल्या. छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवणं, छापणं ही कामं मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या बायका करीत. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. जिच्या हाती सगळं सोपवायचं तीच आधी गेली, तरी प्रुफं तपासणं चालूच राहिलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. ते बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं.