पहिल्या नोकरीचे १५ हजार आले नाहीत म्हणून कामगार न्यायालयात जाताय? आधी हे वाचा

पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला सरकार १५ हजारांपर्यंत देतं, त्या पीएम विकसित भारत रोजगार योजनेचा हप्ता अडकला की चाकण, वाळूजकडची पोरं सरळ वकील गाठतात आणि कंपनीवर केस टाकायची म्हणतात. फी जाते, तारखा पडतात आणि शेवटी कळतं की हे पैसे द्यायचे कंपनीने नव्हतेच. सरकार देतं, ईपीएफओ म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेमार्फत, तुमच्या आधार जोडलेल्या खात्यात.

कामगार न्यायालय यात काय करू शकतं ते नीट समजून घ्या. थकलेल्या पैशांचे अर्ज वर्षानुवर्षं औद्योगिक विवाद कायद्याच्या ३३सी(२) खाली होत आले, आणि ते कलम मालकाकडून येणं असलेल्या पैशांचं आहे. त्यातही हक्क आहे की नाही यावरच भांडण असेल तर ते या कलमाखाली ठरवता येत नाही, आधीच मान्य झालेल्या हक्काचा फक्त हिशोब करता येतो, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ साली दिल्ली महापालिकेच्या केसमध्ये स्पष्ट केलंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या तरी वसुलीचं कलम मालकापुरतंच राहिलं. कोणी सांगेल मुंबई-नागपूरच्या केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरणात जा, तिथे पीएफचे मॅटर चालतात. चालतात, पण ती पीएफ आयुक्ताच्या थकबाकी, दंड अशा ठरावीक आदेशांवरची अपिलं असतात. हप्ता आला नाही एवढ्यावर तिथे काही होणार नाही.

पात्रता थोडक्यात: १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ मध्ये लागलेली नोकरी, पगार महिना १ लाखापर्यंत, पीएफमध्ये पहिल्यांदाच नाव. एका महिन्याचा पीएफ पगार (ज्या पगारावर पीएफ कापतात तो), जास्तीत जास्त १५ हजार, दोन हप्त्यांत. पहिला सहा महिने नोकरी झाल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी आणि आर्थिक साक्षरतेचा कोर्स केल्यावर. ३१ जुलै २०२७ ही नोकरीला लागायची शेवटची तारीख आहे, पैसे मिळायची नाही, आणि हे उलटं वाचून लोक उगाच घाबरतात.

आता अडतं कुठे. सगळ्यात वाईट म्हणजे जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर. आधी कुठल्या ठेकेदाराकडे महिनाभर काम केलं, त्याने पीएफ भरला, तुम्हाला पत्ताही नाही, पण ईपीएफओच्या लेखी तुम्ही पहिल्यांदा लागलेले नाही. म्हणून नोकरी धरतानाच सरकारच्या उमंग अॅपवर तपासा. नवीन यूएएन असेल तर तो उमंगवर चेहरा दाखवूनच काढायचा. दुसरी अडचण बँकेची. केवायसी झालं म्हणजे आधार सीडिंग (सरकारी पैसे थेट जमा व्हायला, म्हणजे डीबीटीसाठी, खातं आधारला जोडणं) झालं असं नाही, बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार लिंक आहे का" असंच विचारा, बऱ्याचदा ते गावाकडच्या जुन्या, बंद पडलेल्या खात्याला असतं. तिसरी, मालकाने महिन्याचं ईसीआर, म्हणजे कामगारांच्या पीएफचं विवरणपत्र, भरलेलंच नसतं. ते पीएफ पासबुकात दिसतं, सहा महिने संपायची वाट न बघता दर महिन्याला बघा.

नेमणूकपत्र तर कुणाकडेच नसतं. कामगाराला कागद न देणारे मालक मोकळे फिरतात आणि पुरावा मात्र कामगाराने आणायचा, याचा संताप येतो. तरी बँकेत जमा झालेल्या पगाराचं स्टेटमेंट, पीएफ पासबुक, ईएसआयसी कार्ड, गेटपास, जे असेल ते जपा.

तक्रार ईपीएफओच्या ईपीएफआयजीएमएस पोर्टलवर करायची, यूएएन टाकून, पासबुक आणि बँक स्टेटमेंट जोडून. रजिस्ट्रेशन नंबर लिहून ठेवा. गोल उत्तर देऊन तक्रार बंद केली तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर टाका, आणि कोणत्या कारणाने नाकारलं ते माहिती अधिकारात लेखी मागा, कारण पुढे हायकोर्टात रिट करायची वेळ आली तर तो कागद लागतो.

मालकाविरुद्धचा भाग वेगळा ठेवा. "सरकार देणार आहे ना" म्हणून पगारातून पैसे कापले, तर ती बेकायदा कपात आहे आणि त्यासाठी कामगार आयुक्त कार्यालयात जायचं. वेतन संहितेत अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. पीएफ कापला पण भरला नाही, तर ती तक्रार पुन्हा ईपीएफओकडेच, थकबाकीची चौकशी करायचा अधिकार त्यांच्या आयुक्ताला आहे. पाचव्या महिन्यात काढून टाकलं असेल तर काढणं चूक होतं की नाही हे कामगार न्यायालय किंवा नव्या संहितेतलं औद्योगिक न्यायाधिकरण बघेल, पण त्याच अर्जात सरकारी हप्ता मागू नका. दोन्ही मागण्या एकत्र केल्या की समोरचा वकील पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढतो आणि तुमचं खरं येणं, म्हणजे पगार, त्यात मागे पडतं.