नृसिंहवाडी

नृसिंहवाडी : कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील कृष्णा-पंचगंगा संगमावरचे गाव व दत्त संप्रदायाचे क्षेत्र. कागदोपत्री नृसिंहवाडी, भाविकांच्या तोंडी नरसोबाची वाडी आणि पंचक्रोशीत नुसती ‘वाडी’. रेल्वेने येणारा जयसिंगपूरला उतरतो.

वस्तीचे मूळ नृसिंह सरस्वतींच्या मुक्कामात आहे. कारंज्यात जन्मलेले हे यती औदुंबरला चातुर्मास करून इथे आले, १२ वर्षे राहिले आणि गाणगापूरला निघताना ‘मनोहर पादुका’ मागे ठेवून गेले. गाभाऱ्यात पूजा होते ती या पादुकांची. ‘गुरुचरित्रा’च्या १८व्या अध्यायातली घेवड्याचा वेल उपटल्याची कथा याच परिसरात घडते, त्यातले अमरापूर म्हणजे पैलतीरावरचे औरवाड. पादुकांची सेवा आलास गावच्या भैरंभटांकडे आली. त्यांच्या वंशाच्या शाखा वाढत गेल्या आणि ‘पुजारी’ हेच आडनाव रूढ झाले. वाडीत येऊन “पुजारी कुठे राहतात?” असे विचारणे म्हणूनच निरर्थक.

घाटाच्या पायऱ्या उतरल्यावर नदीला खेटून मंदिर आहे. त्याला शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाने मुलीची दृष्टी परत आल्यावर ते बांधले आणि औरवाड, गौरवाड ही गावे देवाला इनाम दिली, अशी आख्यायिका सांगतात. बांधणी पाहता ती सहज पटते.

देऊळ इतक्या खाली असल्यामुळे पावसाळ्यात नदी देवळात येते, आणि वाडीकर तिची वाट पाहतात. पाणी चढत गाभाऱ्यात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडते. हा ‘दक्षिणद्वार सोहळा’. त्या पाण्यात स्नान करायला लांबून लोक येतात, रात्री-अपरात्रीही. सोहळ्याचा मुहूर्त पंचांगात नसतो; तो कोयनेच्या विसर्गावर आणि पंचगंगेच्या पावसावर ठरतो. पाणी आणखी चढले की दार बुडते, सोहळा संपतो. उत्सवमूर्ती वरच्या अंगाला नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात आणि पूजाअर्चा तिथे चालू राहते.

इथून पुढे मात्र तोच पूर घरादारावर येतो. कृष्णा फुगली की पंचगंगेच्या पाण्याला वाट मिळत नाही; ते मागे तुंबते आणि शिरोळ तालुक्याचा सखल भाग भरू लागतो. औरवाडचा जुना पूल पाण्याखाली जातो. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी तालुक्यातल्या कित्येक कुटुंबांना जनावरांसह घर सोडावे लागले. दोष पावसाचा, धरणांच्या विसर्गाचा की खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा, हा वाद दर पुरानंतर पेटतो. पूरपट्ट्यात वाढलेल्या बांधकामांविषयी त्या मानाने कमी बोलले जाते.

गावाचे पोट यात्रेवर चालते. पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी ही इथली ठरलेली खरेदी. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे दुकानदार पाण्याचा अंदाज घेत माल वर चढवतात. पाणी ओसरले की पहिल्यांदा गाभाऱ्यातला आणि घाटावरचा गाळ काढतात. शेतात बसलेला गाळ तसाच राहू देतात. कृष्णाकाठची वांगी त्याच मळीच्या जमिनीत पिकतात.